बाय की अंटिल? एका 'पर्यंत'नं केलेला घोळ

"आय विल रीच बेळगाव अंटिल टेन." खानापूरहून निघालेल्या पोरांचे असे मेसेज मी कितीदा वाचले असतील! अरे, पोचणं काय दहापर्यंत चालू राहतं?

अंटिल सगळ्यांना येतं. दुकान नऊपर्यंत उघडं, पाऊस थांबेपर्यंत इथंच बसू. टिल म्हणजेही तेच. टिलला दोन एल, अंटिलला एक, एवढाच फरक.

गाडी अडते ती बायपाशी. बाय म्हटलं की आपल्याला बाय बस, बाय ट्रेन आठवतं. वेळेचा बाय शब्दांच्या यादीतून कळतच नाही, कारण यादीत त्याच्यापुढंही 'पर्यंत'च छापलेलं असतं. मला या याद्यांचा मनापासून राग आहे. 'पाचपर्यंत थांबतो' आणि 'पाचपर्यंत येतो' ही दोन्ही वाक्यं आपण मराठीत एकाच शब्दावर भागवतो. पण थांबणं पाच वाजेतोवर चालूच असतं, आणि येणं एकदाच घडतं, पाचला किंवा त्याआधी केव्हातरी. जे चालू राहतं त्याला अंटिल. जे एकदा होऊन संपतं त्याला बाय.

आपल्या भागात तर हे अवघड वाटायलाच नको. बाजारात रोज कानावर पडणारं कन्नड आठवा: "ऐदु गंटेवरेगे कायतीनि" (पाचपर्यंत थांबतो), पण "ऐदु गंटेयोळगे बर्तीनि" (पाचच्या आत येतो). वरेगे म्हणजे अंटिल, ओळगे म्हणजे बाय. मराठीत 'च्या आत' घालून बघा. लाइट बिल 15 तारखेच्या आत भरायचं. बसलं, म्हणजे बाय.

नकार आला की जास्त सांभाळा. "साहेब वोंट कम अंटिल फोर" म्हणजे साहेब चारला किंवा नंतर येतील, तोवर नाहीत. इथं 'न येणं' चालू राहतं, म्हणून अंटिल. "वोंट कम बाय फोर" म्हणजे चारच्या आत पोचत नाहीत. नंतर येतील की नाही, ते या वाक्यात नाही. एवढ्या फरकानं माणसाचा हेलपाटा होतो.

आणि 'च्या आत' वरून "विदिन फाइव्ह ओक्लॉक" म्हणू नका, कृपा करा. विदिनला घड्याळातली वेळ चालत नाही, अवधी लागतो: विदिन टू अवर्स. शब्द सुटा पाठ करू नका. सकाळी घरातून निघताना "आय विल बी बॅक बाय सेव्हन" म्हणा आणि सातच्या आत परत या.