ब्रेडी, १९९ वी निवड आणि ‘टक’चा नियम

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टॉम ब्रेडी याची कारकीर्द सांगताना सुरुवात बहुतेक वेळा एप्रिल २००० च्या ड्राफ्टपासून, म्हणजे व्यावसायिक क्लब महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथपासून, होते. सहावी फेरी, १९९ वी निवड, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेलेले. हा आकडा इतका घासला गेला आहे की त्यामागची मिशिगन विद्यापीठातली पाच वर्षे कोणी फारशी उघडून पाहत नाही.

१९९५ मध्ये तो तिथे गेला तेव्हा क्वार्टरबॅकच्या रांगेत सातवा होता. पहिले वर्ष रेडशर्ट: सराव पूर्ण, सामना एकही नाही, आणि पात्रतेचे चार हंगाम शाबूत. १९९६ मध्ये यूसीएलएविरुद्ध त्याने टाकलेला पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने मधल्यामध्ये पकडून टचडाऊनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुणपट्ट्यापर्यंत, नेला. १९९७ चा संघ राष्ट्रीय विजेता ठरला, पण तेव्हाही तो राखीवच होता. १९९८ आणि १९९९ मध्ये त्याने २५ सामन्यांत सुरुवात केली आणि त्यांतले २० संघाने जिंकले.

ड्राफ्टमधली घसरण समजायला १९९९ ची विभागणी पाहावी लागते. पहिल्या सात सामन्यांत पहिला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) ब्रेडीचा, दुसरा त्याच्याहून लहान आणि कितीतरी जास्त गाजावाजा झालेल्या स्थानिक खेळाडूचा. उरलेला सामना कोणाचा, ते प्रशिक्षक मध्यंतरात ठरवणार. असा खेळ करून क्वार्टरबॅकला लय सापडणे कठीणच. मिशिगन स्टेटविरुद्ध मोठी पिछाडी असताना त्याला पुन्हा उतरवले, सामना ३१-३४ पर्यंत आला आणि हातचा गेला. शेवटी जागा त्याचीच झाली. १ जानेवारी २००० च्या ऑरेंज बाऊल या महाविद्यालयीन सामन्यात अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांची पिछाडी भरून काढत मिशिगनने जादा वेळेत ३५-३४ असा विजय मिळवला; त्यात ब्रेडीचे ३६९ यार्ड आणि चार टचडाऊन पास. पण ज्याच्यावर स्वतःच्या प्रशिक्षकांचाच पूर्ण भरवसा दिसत नव्हता, त्याच्यावर वरची निवड कोण खर्च करणार? त्यात ४० यार्डांची धाव ५.२८ सेकंदांची. क्वार्टरबॅकसाठीही ती संथच.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे पहिल्या वर्षी त्याने एकूण तीन पास टाकले. एक पूर्ण, सहा यार्ड. २००१ च्या मार्चमध्ये क्लबने मुख्य क्वार्टरबॅकशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. म्हणजे जागा रिकामी होणारच नव्हती. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्या क्वार्टरबॅकला बाजूरेषेजवळ असा दणका बसला की छातीतली रक्तवाहिनी फाटली. ब्रेडी आत आला. पुढे तो खेळाडू तंदुरुस्त होऊन परतला तरी प्रशिक्षकांनी ब्रेडीलाच ठेवले. त्याने सुरुवात केलेल्या १४ पैकी ११ साखळी सामने संघाने जिंकले.

त्याच जेट्स सामन्यात आणखी एक गोष्ट घडली होती आणि पुढचा सगळा वाद तिच्याकडे बोट दाखवतो. जेट्सच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला, पेट्रियट्सने तो मिळवला. पण रिप्लेनंतर तो फम्बल (हातातून निसटलेला चेंडू; जो उचलेल त्याचा) नाही, अपूर्ण पास (कोणी न पकडलेला; चेंडू मूळ संघाकडेच) ठरला. कारण ‘टक’चा नियम.

टक म्हणजे खोचणे, चेंडू खाली आणून अंगाशी दाबून धरणे. १९९९ मध्ये नियमपुस्तकात आलेल्या या टिपेचा आशय असा: पास टाकण्यासाठी धरलेल्या चेंडूसह हात जाणीवपूर्वक पुढे गेला की पास सुरू झाला. मग खेळाडूचा विचार बदलला, चेंडू तो अंगाकडे परत आणू लागला आणि त्या वाटेवर चेंडू निसटला, तरी तो पासच. चेंडू अंगाशी पुरता आला, खोचून झाला, आणि त्यानंतर सुटला तर मात्र फम्बल. हेतू तपासण्याच्या भानगडीतून पंचांची सुटका व्हावी म्हणून हाताची हालचाल हाच निकष धरला होता. गोची अशी की ‘आणतो आहे’ आणि ‘आणून झाला’ यांच्यामधली रेघ कुठे, हे कागदावर सोपे आणि मैदानावर सेकंदाच्या अंशाचे काम.

१९ जानेवारी २००२, पेट्रियट्सचे घरचे मैदान फॉक्सबरो, बाद फेरीचा सामना, भर बर्फ. ओकलंड रेडर्स १३-१० ने पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ. ब्रेडीने चेंडू उचलला, हात पुढे गेला, पास त्याने रोखला आणि चेंडू खाली घेऊ लागला. तेवढ्यात उजवीकडून आलेला ओकलंडचा कॉर्नरबॅक (बचावातला खेळाडू) त्याच्यावर आदळला. हाही मिशिगनचाच, त्याचा जुना सहकारी. चेंडू बर्फात पडला, ओकलंडच्या लाइनबॅकरने त्यावर झेप घेतली, मैदानावरचा निर्णय फम्बल. शेवटच्या दोन मिनिटांत रिप्ले वरच्या कक्षातून मागवला जातो; प्रशिक्षकांनी आव्हान देण्याचा प्रश्नच नव्हता. रेफरींनी पाहिले आणि निर्णय फिरवला: अपूर्ण पास.

आक्षेप दोन. पहिला: चेंडूला डावा हात लागला होता, म्हणजे टक पूर्ण झाला होता. दुसरा: निर्णय फिरवायला निर्विवाद दृश्य पुरावा लागतो, तो तिथे होता का? दुसरा आक्षेप जड आहे. पहिल्यात फारसा दम नाही. हात लागणे म्हणजे अंगाशी येणे नव्हे, आणि टिपेत शब्द अंगाचा होता. रेफरींनी नियम लावला, नियमच वाईट होता. ओकलंडच्या चाहत्यांना हे पटणार नाही, आणि ते समजण्यासारखे आहे.

त्यानंतर ४५ यार्डांवरून, बर्फातून, फील्ड गोल (किक मारून मिळवलेले तीन गुण) झाला आणि बरोबरी. जादा वेळेत ब्रेडीने टाकलेले आठही पास पूर्ण झाले, २३ यार्डांवरून दुसरा फील्ड गोल, १६-१३. पंधरा दिवसांनी सुपर बाऊलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, रॅम्सविरुद्ध १७-१७, घड्याळात १:२१, टाइमआउट एकही शिल्लक नाही. गुडघा टेकून, म्हणजे घड्याळ नुसते संपू देऊन, जादा वेळ गाठावी, असे समालोचक सांगत होते. ब्रेडीने चेंडू ५३ यार्ड पुढे नेला आणि ४८ यार्डांच्या किकवर २०-१७.

पुढचे बहुतेकांना तोंडपाठ आहे: २००७ चा १६-० साखळी हंगाम, २००८ मध्ये गेलेला गुडघा, चेंडूतल्या हवेच्या दाबावरून चार सामन्यांची बंदी (ती अपिलांमुळे २०१६ मध्ये भोगली), २८-३ अशा पिछाडीवरून जिंकलेला सुपर बाऊल, २०२० मध्ये टॅम्पा बे क्लबकडे जाणे, सातवे विजेतेपद, २०२२ ची चाळीस दिवसांची निवृत्ती आणि २०२३ ची खरी.

टकचा नियम मात्र २०१३ च्या मार्चपर्यंत टिकला. क्लबमालकांच्या मतदानात तो २९-१ ने रद्द झाला. विरोधातले एकमेव मत पिट्सबर्गचे; वॉशिंग्टनने मत दिले नाही, आणि न्यू इंग्लंडनेही नाही. आता हात पुढे जात असताना चेंडू सुटला तरच तो पास. परत येताना सुटला की फम्बल.