भरावभूमीची उर्वरित क्षमता

कचरा कायमचा पुरण्यासाठी बांधलेल्या भरावभूमीत, म्हणजे लँडफिलमध्ये, मंजूर अंतिम पातळीपर्यंत अजून किती भर घालता येईल याचे घनमीटरमधील मोजमाप म्हणजे उर्वरित क्षमता. तिला वर्षभरात भरल्या जाणाऱ्या जागेने भागले की उर्वरित आयुष्य मिळते. बातम्यांत झळकतो तो बहुधा हा दुसरा आकडा, आणि गैरसमजही त्याच्याभोवतीच अधिक. उघड्या कचरा डेपोला यांतले काहीच लागू पडत नाही. तिथे तळ बांधलेला नसतो, माथा ठरलेला नसतो, त्यामुळे ‘भरला’ असे म्हणायला आधारच नसतो. ढीग सुरक्षित उतार न राखता चढत जातो आणि कधी तरी घसरतो. इंडोनेशियातील लेउविगाजाह येथे फेब्रुवारी २००५ मध्ये आणि इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथील कोशे डेपोत मार्च २०१७ मध्ये असे ढीग वस्त्यांवर कोसळले. दोन्ही ठिकाणी शंभराहून अधिक माणसे मेली.

रोजचा कचरा चरात टाकून, दाबून, त्याच दिवशी मातीने झाकण्याची पद्धत अमेरिकेतील फ्रेस्नो शहराने १९३७ मध्ये रुळवली. आजच्या भरावभूमीत त्याखाली बरेच काही असते. साधारण ६० सेंटिमीटर जाडीची घट्ट चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर खडीचा थर आणि कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, वाहून नेणाऱ्या नळ्या. वरून रोज सुमारे १५ सेंटिमीटर मातीचे आच्छादन पडते आणि शेवटी जाड अंतिम थर बसतो. हे सगळे त्याच पोकळीतून वजा होते. नकाशावर दिसणारी क्षमता आणि कचऱ्याच्या वाट्याला येणारी जागा यांत म्हणूनच मोठी तफावत पडते. काही ठिकाणी मातीऐवजी रात्रीपुरती ताडपत्री पसरतात आणि सकाळी गुंडाळून ठेवतात. उपाय साधा आहे, पण वाचणारी जागा थोडी नाही.

कचरा येतो टनांत आणि जागा असते घनमीटरांत. या दोहोंना जोडते ती घनता, आणि सगळा हिशेब तिच्यावर हेलकावे खातो. समजा, ५० लाख घनमीटर जागा उरली आहे आणि रोज १,००० टन कचरा येतो. एका घनमीटरात ०.८ टन बसत असेल, तर कचऱ्याला रोज १,२५० घनमीटर लागतात. त्यावर आच्छादनाचे १५ टक्के धरले, तर जागा सुमारे साडेनऊ वर्षे पुरते. जड कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबणारे यंत्र, पातळ थरांवरून अधिक वेळा फिरवून घनता १ टनावर नेली, तर तीच जागा जवळजवळ बारा वर्षे चालते. निम्मा कचरा वाटेतच वेगळा काढला, तर पहिल्याच हिशेबाची एकोणीस वर्षे होतात. खड्डा तोच, पण आयुष्य तीन प्रकारचे. म्हणून कोणती घनता आणि रोजची किती आवक धरली हे न सांगता दिलेला वर्षांचा आकडा फारसा कामाचा नसतो.

भराव खचतो, हीही एक जमेची बाजू. स्वतःच्या वजनाने आणि सडण्याने पृष्ठभाग वर्षानुवर्षे खाली बसत जातो आणि काही जागा परत मिळते. मात्र सडण्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. ॲरिझोना विद्यापीठाने १९७३ मध्ये सुरू केलेल्या कचरा-अभ्यासात भरावभूमी खणल्या गेल्या, तेव्हा काही दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा अवस्थेत निघाली. कोरड्या, हवाबंद थरांत कुजण्याची गती मंद असते. लीचेट पुन्हा भरावात सोडून ती वाढवता येते. मग वायूही लवकर सुटतो. त्यातला जवळपास निम्मा मिथेन असतो आणि तो गोळा करण्याची सोय आधी असावी लागते. मोजणीसाठी आता ड्रोनने पृष्ठभागाची छायाचित्रे घेऊन आधीच्या पातळीशी ताडतात, त्यामुळे घनता किती साधली हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

जागा संपते म्हणजे जमीन संपते, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा संपते ती परवानगी. लॉस एंजेलिसजवळील प्युएंते हिल्स ही भरावभूमी ऑक्टोबर २०१३ मध्ये परवान्याची मुदत सरल्याने बंद झाली. न्यूयॉर्कची फ्रेश किल्स १९४८ मध्ये तात्पुरती म्हणून उघडली होती. तिने अर्धशतक काढले आणि १९९६ च्या कायद्यानुसार २००१ मध्ये तिचा नेहमीचा वापर थांबला. १९८७ मध्ये कचऱ्याने लादलेला मोब्रो नावाचा बार्ज, म्हणजे सपाट तळाचा मालवाहू तराफा, न्यूयॉर्कहून निघून बंदरोबंदरी नाकारला गेला, तेव्हा देशातली जागाच संपल्याची हाकाटी झाली. पुढच्या काळात अमेरिकेतील भरावभूमींची संख्या खरोखरच सुमारे आठ हजारांवरून दोन हजारांच्या खाली आली. पण छोट्या जागा बंद होऊन अवाढव्य जागा उघडत होत्या. संख्येवरून क्षमता ताडणाऱ्यांची तिथे फसगत झाली. देशाची सरासरीही अशीच फसवी असते. शेकडो किलोमीटर दूरची रिकामी जागा कागदावर मोजली जाते, पण वाहतुकीचा खर्च तिला गावापासून तोडतो.

जपानचे पर्यावरण मंत्रालय दरवर्षी हे आकडे जाहीर करते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले उर्वरित आयुष्य दहा वर्षांच्या आत होते, अलीकडे ते वीस वर्षांच्या वर गेले आहे. या काळात उरलेली जागा उलट घटली. पुरायचा कचरा मात्र तिच्याहून वेगाने कमी झाला. सिंगापूरकडे सेमाकाउ ही एकच भरावभूमी आहे. दोन बेटांदरम्यानचा समुद्र सात किलोमीटरच्या बांधाने अडवून ती १९९९ मध्ये सुरू झाली. तिथे मुख्यतः जाळलेल्या कचऱ्याची राख जाते, कारण जाळल्याने आकारमान सुमारे नव्वद टक्क्यांनी घटते. तरीही ती २०३५ च्या सुमारास भरेल असा सरकारी अंदाज आहे.

जुना भराव उपसून जागा परत मिळवण्याचा प्रयोग १९५३ मध्ये तेल अवीवमध्ये झाल्याची नोंद आहे. चाळणीतून निघणारा मोठा वाटा मातीचा असतो. तीच आच्छादनासाठी पुन्हा वापरता आली, तर बाहेरून माती आणावी लागत नाही. तीत जड धातू किंवा काचेचा चुरा अधिक असला, तर तिलाच पुन्हा पुरण्यासाठी जागा शोधावी लागते.