लघवी कल्चरची डबी आणण्याआधी हे वाचा: एन्टरोकॉकस, व्हीआरई आणि नागपूरचं ऊन

(आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी आणि नमुने पाठवणाऱ्या नर्सिंग होमसाठी माहितीपत्रक)

एप्रिल लागला की आमच्या काऊंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं: "डबी तर सकाळीच भरून ठेवली होती न!" सकाळी सहाला भरलेली लघवीची डबी धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये पोचते साडेअकराला. मधले साडेपाच तास ती गाडीच्या डिक्कीत असते, नाहीतर भंडाऱ्याहून येणाऱ्या एसटीत जेवणाच्या डब्याशेजारी. आमच्या हातात येते तेव्हा ती चक्क गरम लागते. मग तीन दिवसांनी रिपोर्टवर ‘एन्टरोकॉकस’ हे नाव आणि त्याखाली ‘रेझिस्टंट’ची (म्हणजे औषध चालत नाही) रांग दिसली की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्याच वेळी पुन्हा नमुना द्या असं आम्ही सांगितलं तर राग येतो. तो आम्ही समजू शकतो, पण त्यामागचं कारण एकदा नीट सांगायलाच हवं.

हा जंतू आहे तरी कसा

एन्टरोकॉकस तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि तिथे तो सहसा त्रास देत नाही. लघवीच्या मार्गात, रक्तात, हृदयाच्या झडपेवर किंवा ऑपरेशनच्या जखमेत शिरला की आजार होतो. रिपोर्टवर बहुतेक वेळा दोनच नावं दिसतात, फीकॅलिस आणि फीशियम. फीकॅलिस जास्त वेळा सापडतो आणि त्याच्यावर अँपिसिलिनसारखं जुनं, स्वस्त औषधही सहसा चालतं. फीशियम कमी वेळा सापडतो, पण तो फार हट्टी. अँपिसिलिनला तो बहुधा दाद देत नाही आणि व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू, म्हणजेच व्हीआरई, त्याच्यातच जास्त निघतात.

दोघंही चिवट. १० अंशांपासून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत ते वाढतात. साडेसहा टक्के मिठाच्या पाण्यात वाढतात. ६० अंशांना अर्धा तास ठेवले तरी तग धरतात. कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे पलंगाच्या कठड्यावर, दाराच्या कडीवर किंवा बीपीच्या पट्ट्यावर, ते काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतात. यातला ४५चा आकडा नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावा. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा तिथपर्यंत जातो. आम्ही जंतू मुद्दाम वाढवतो ते इन्क्युबेटर ३५ ते ३७ अंशांवर असतं. मग उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या डबीत काय होत असेल, याचा अंदाज करा.

खरी अडचण: डबीत वाढलेले जंतू

लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून करायच्या तपासणीत, जंतू आहेत की नाहीत एवढंच बघायचं नसतं, ते किती आहेत हेही मोजायचं असतं. त्यासाठी एक बारीक, मोजमापाचा लूप असतो. त्यात लघवीचा एक मिलिलिटरचा हजारावा भाग येतो, तेवढाच आम्ही प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य असलेल्या चपट्या बशीवर, पसरतो. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जितके ठिपके, तितके हजार जंतू एका मिलिलिटरमध्ये. १०० ठिपके म्हणजे १ लाख, आणि साधारणपणे १ लाख किंवा त्याहून जास्त आकडा संसर्गाकडे बोट दाखवतो.

आता लघवी देताना त्वचेवरचे थोडेसे जंतू डबीत उतरले असं धरा, मिलिलिटरला हजार. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा. पण उबेत ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर चक्रवाढ व्याजासारखा हिशेब चालतो आणि साडेतीन तासांत हजाराचे १ लाख २८ हजार होतात. रुग्णाला संसर्ग नाही, तरी रिपोर्ट म्हणतो भरपूर वाढ. प्लेटवर दिसलं ते आम्ही अगदी बरोबर मोजलेलं असतं, पण ते जंतू मूत्राशयातले नसून प्रवासातले असतात. एकदा वाढलेले जंतू मागाहून वेगळे काढायची कुठलीही युक्ती कुठल्याच लॅबकडे नाही.

म्हणूनच उशिरा आलेली, गरम डबी आम्ही परत करतो, आणि प्लेटवर तीन-चार प्रकारचे जंतू मिसळून उगवले तर पुन्हा नमुना मागतो. यात तुमचे दोन-तीन दिवस जातात हे खरं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. पहिला नमुना दिला म्हणून घरचे निर्धास्त होतात, अँटिबायोटिक सुरू होतं, आणि दुसरा नमुना औषधाचे दोन-चार डोस पोटात गेल्यावर येतो. त्या नमुन्यात खरा जंतूही दबलेला असू शकतो. आधी खोटी वाढ आणि नंतर खोटी शांतता, दोन्हींमुळे डॉक्टरांना अंदाजावर औषध द्यावं लागतं. नमुना आधी, औषध नंतर हा क्रम जमेल तिथे पाळाच. रुग्ण अत्यवस्थ असेल तर ही गोष्ट अर्थातच डॉक्टर ठरवतील.

करायचं ते अगदी सोपं आहे. सकाळची पहिली लघवी चांगली, पण तिच्यापायी पाच तास घालवू नका. जागा साध्या पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. घरातली औषधाची किंवा लोणच्याची धुतलेली बाटली चालत नाही, उकळली तरी नाही. डबी दोन तासांच्या आत आमच्याकडे पोचवा. ते जमत नसेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. आणतानाही बर्फाच्या पिशवीजवळ ठेवून आणा. अशी गार राखलेली डबी २४ तासांपर्यंत चालते.

वर्धा, भंडारा, उमरेड, छिंदवाडा अशा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी आम्ही बोरिक अ‍ॅसिड घातलेली डबी ठेवतो. त्यातले जंतू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. फक्त ती रेघेपर्यंत भरायची. अर्धीच भरली तर औषध जास्त होऊन खरे जंतूही दबतात. साध्या डबीपेक्षा ती थोडी महाग पडते, पण दुसऱ्यांदा नागपूरला येण्यापेक्षा स्वस्तच.

कॅथेटर असलेल्या रुग्णांसाठी एक कळकळीची विनंती: लटकणाऱ्या पिशवीतून लघवी काढून पाठवू नका. पिशवीत ती कित्येक तास साचलेली असते, तिथे जंतूंची वसाहतच असते. नळीवर नमुना घेण्यासाठी जागा दिलेली असते, ती स्पिरिटने पुसून सिस्टरने सिरिंजने नमुना घ्यावा. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर तो बदलून नव्यातून नमुना घेणं उत्तम. वॉर्डबॉयला डबी देताना एवढं विचारलं तरी आमचे निम्मे फोन वाचतील.

"रिपोर्टवर अमुक औषध काहून नाही?"

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. दुसऱ्या जंतूच्या रिपोर्टवर सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम, क्लिंडामायसिन दिसतात, एन्टरोकॉकसच्या रिपोर्टवर दिसत नाहीत. कुणाला वाटतं आम्ही पैसे घेऊन तपासण्या कमी करतो. तसं मुळीच नाही. सेफ ने सुरू होणाऱ्या औषधांच्या कुटुंबाला आणि क्लिंडामायसिनला एन्टरोकॉकस जन्मजातच दाद देत नाही. यातली काही औषधं प्लेटवर चालल्यासारखी दिसू शकतात, पण शरीरात चालत नाहीत. अशा औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिणं म्हणजे रुग्णाची दिशाभूल. जेंटामायसिनचंही तसंच. एकट्याने ते पुरत नाही. रक्तातल्या किंवा झडपेच्या गंभीर संसर्गात दुसऱ्या औषधाच्या जोडीला त्याचा उपयोग होईल का, हे बघायला प्लेटवर औषध लावलेली, जास्त ताकदीची वेगळी कागदी चकती लावावी लागते, ती आम्ही लावतो. रिपोर्ट लांबलचक दिसावा म्हणून नावं भरायची नाहीत, हा आमचा नेम आहे आणि तो आम्ही मोडणार नाही.

व्हॅन्कोमायसिनसाठी पूर्ण २४ तास

"रिपोर्ट उशिरा येऊन राहिला" ही तक्रार बहुतेक वेळा इथे अडकते. बऱ्याच जंतूंच्या प्लेट १६ ते १८ तासांत वाचता येतात. एन्टरोकॉकसवर व्हॅन्कोमायसिनची चकती मात्र पूर्ण २४ तास ठेवायची असते. प्लेट उजेडासमोर धरून चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजतात. १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर औषध चालतं, १४ किंवा कमी असेल तर नाही. पण आकडा चांगला असूनही वर्तुळाच्या आत धुक्यासारखी पुसट वाढ असू शकते. घाईत बघितलं तर ती नजरेतून सुटते. १५-१६ आला किंवा असं धुकं दिसलं की आम्ही एमआयसी लावतो, म्हणजे जंतू रोखायला किमान किती औषध लागतं ते मोजतो. मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर ठीक, ३२ किंवा त्यापुढे असेल तर तो व्हीआरई, म्हणजे व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकॉकस. हे नाव कुणाच्या रिपोर्टवर लिहायचं असेल तर खात्री करूनच लिहायचं, त्यासाठी एक दिवस जास्त गेला तरी चालेल.

व्हॅन्कोमायसिन १९५८ पासून वापरात आहे, मूळ बोर्निओच्या मातीतल्या एका जंतूपासून मिळालेलं. जंतूची भिंत बांधली जाते तेव्हा तिच्या धाग्याच्या टोकाला अ‍ॅलानिनचे दोन मणी असतात. त्या टोकाला हे औषध घट्ट पकडतं आणि बांधकाम थांबतं. व्हीआरईने शेवटचा मणी बदलून तिथे लॅक्टेट बसवला, आणि औषधाची पकड सुमारे हजार पटीने सैल झाली. असे जंतू इंग्लंड आणि फ्रान्समधून १९८८ मध्ये प्रथम नोंदवले गेले. युरोपात त्या काळी कोंबड्या-डुकरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन घालत. ते व्हॅन्कोमायसिनचंच भावंड. शेतातल्या जनावरांत व्हीआरई सापडू लागल्यावर डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा जंतू ही युक्ती दुसऱ्यालाही देतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका रुग्णाच्या स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्याच जंतूमध्ये ही युक्ती देणारा जनुक सापडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या आणि २०२४ च्या, दोन्ही याद्यांत अशा फीशियमला वरच्या प्राधान्यात ठेवलंय ते उगाच नाही.

व्हीआरई आला, आता?

आधी डॉक्टरांना भेटा. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मेडिकल स्टोअरमधून लिनेझोलिड आणू नका. जंतू सापडणं आणि संसर्ग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नाही, जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही, अशा माणसाच्या लघवीत जंतू असले तरी बहुतेक वेळा औषध लागत नाही. गर्भवती आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला रुग्ण हे ठळक अपवाद. लिनेझोलिड हे मोठ्या कामासाठी राखून ठेवायचं औषध आहे, आणि दोन आठवड्यांपुढे गेलं की प्लेटलेट कमी होण्याची भीती असते. गरम डबीतल्या खोट्या आकड्यापायी कुणावर ते घ्यायची वेळ यावी, हे आम्हाला खरोखर सहन होत नाही. मूत्राशयापुरताच संसर्ग असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनवर भागू शकतं. म्हणून लघवीच्या रिपोर्टवर ती आम्ही आवर्जून तपासतो.

घरी ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. आजोबांना खोलीत कोंडू नका, नातवंडांना त्यांच्याजवळ जाऊ द्या. धडधाकट माणसाला यापासून फारसा धोका नसतो. लघवीची पिशवी रिकामी करणाऱ्याने आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, पिशवीचं तोंड भांड्याला टेकू देऊ नये आणि ते भांडं दुसऱ्या कामाला वापरू नये. दवाखान्यात भेटायला जाताना पलंगावर बसू नका आणि निघताना हातांना सॅनिटायझर लावा, एन्टरोकॉकसवर ते चालतं. हा जंतू आतड्यात कित्येक महिने राहू शकतो. त्यामुळे पुढच्या वेळी भरती करताना जुना रिपोर्ट सोबत न्या आणि सांगा. लपवलं तर शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला त्रास होतो.

उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा नालीत टाकू नका. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळतं, आणि विष्ठेचं प्रदूषण ओळखायला जगभर पाण्यात एन्टरोकॉकसही शोधतात. आमच्या वापरलेल्या प्लेट आम्ही १२१ अंशांवर दाबाच्या वाफेत निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) करूनच जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत देतो. २०१६ च्या नियमाप्रमाणे ते बंधनकारकच आहे. बिलात त्याचाही वाटा असतो.

आमच्याकडची सोय

निर्जंतुक डबी काऊंटरवर मोफत मिळते, आदल्या दिवशी नेऊन ठेवा. शहरात घरून नमुना न्यायला आमचा माणूस बर्फाची पेटी घेऊन येतो, त्यासाठी आदल्या संध्याकाळी नाव लिहून द्यावं लागतं. चालता न येणाऱ्या रुग्णांना आम्ही आधी वेळ देतो. नर्सिंग होमसाठी सकाळ-दुपार अशा दोन फेऱ्या ठरवून देता येतात. डबीबरोबरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाच: नमुना किती वाजता घेतला, कॅथेटर आहे का, ताप किंवा जळजळ आहे का, कुठलं अँटिबायोटिक कधीपासून चालू आहे. व्हीआरई निघाला तर छापील रिपोर्टची वाट न बघता आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम तुमच्या डॉक्टरांना स्वतः फोन करतात, त्यासाठी चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर स्वच्छ अक्षरात हवा.