ठासणीच्या बंदुकीचा नेम आणि अजिंक्यताऱ्याची थाप

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलं की कुणीतरी हमखास सांगतं, इथून ठासणीच्या बंदुकीनं, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीनं, खाली लांब राजवाड्यापाशी उभा असलेला माणूस नेम धरून पाडायचे. नाही हो!

ऑस्ट्रियात ग्राझच्या शस्त्रागारात 1988-89 ला खऱ्या जुन्या बंदुका स्टँडला फिक्स करून उडवल्या, म्हणजे हात थरथरायचा प्रश्नच मिटला, तरी 100 मीटरवर माणसाएवढ्या टार्गेटला बहुतेक साध्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा नेम निम्म्या वेळा लागला तरी खूप. सुटताना गोळीचा वेग सेकंदाला साधारण 450 मीटर, पण गोल गोळी हवेत लगेच ढेपाळते.

आता ब्रिटिशांची ब्राउन बेस ही ठासणीची बंदूक घ्या, नळी आतून 19 मिलिमीटर रुंद आणि गोळी साडेसतराच्या आसपास, म्हणजे आपली खेळायची गोटीच जवळपास, ती नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडते आणि शेवटी जिकडे घासली तसा गरका घेऊन भलतीकडं वळते. नळी घट्ट केली की दारूच्या काजळीनं चारसहा बारात गोळी ठासताच येईना, म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली.

गोळी किलोमीटरभर जाईलही कदाचित, पण कुणाला लागेल ते तिलाच माहीत. म्हणून तर रांगेत उभं राहून सगळ्यांनी एकदम बार काढायचे.