देयधम आणि अक्षयनीवी : सह्याद्रीतील बौद्ध लेण्यांची दानव्यवस्था

सह्याद्रीतील बौद्ध लेण्यांना मिळालेल्या दानांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात एखादी वस्तू किंवा सोय घडवून संघाला दिली जाई: संपूर्ण लेणे, राहायची खोली, पाण्याची पोढी, दगडी बाक, वाट, स्तंभ. कोरीव लेखांत अशा दानाला ‘देयधम’ म्हटले आहे. दुसरा प्रकार ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज खर्चायची कायम ठेव. नाशिकची त्रिरश्मी लेणी, कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर आणि कान्हेरी येथील ब्राह्मी लेखांतून ही व्यवस्था तपशिलाने कळते. दाते केवळ राजे नव्हते. श्रेष्ठी, लोहार, सुतार, वैद्य, गृहिणी, तसेच स्वतः भिक्खू आणि भिक्खुणीही दान देत.

सर्वांत उपयोगी दान पाण्याचे. पावसाळा संपला की डोंगरमाथ्यावर पाणी उरत नाही, म्हणून पोढीशिवाय लेणे राहण्याजोगे होत नसे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. ते बहुधा लेण्याच्या अंगणात किंवा दर्शनी भागाच्या बाजूला असते. तोंड लहान आणि चौकोनी, आतला पोकळ भाग मात्र रुंद, त्यामुळे ऊन कमी लागते आणि बाष्पीभवन घटते. तोंडाच्या कडेला काही ठिकाणी खाच ठेवलेली दिसते. तीवर झाकण बसे. टाके मोठे असेल तर छत खचू नये म्हणून आत खडकाचेच खांब राखले जात. कान्हेरीत लेण्यांच्या माथ्यावर आणि पायऱ्यांच्या कडेने पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत वळवले आहे. शंभराहून अधिक लेण्यांची ती वसाहत या पन्हळींवरच तगली. पन्हळीत पालापाचोळा साचला की पाणी टाक्यात न जाता दर्शनी भिंतीवरून ओघळते आणि कोरीवकाम झिजते. खडकात भेग लागली तर टाके झिरपते, गाळ काढला नाही तर ते उथळ होत जाते. म्हणून पोढी खोदून देणे जितके मोलाचे, तितकेच दरवर्षी पावसाआधी पन्हळ साफ करणेही.

भाज्याला महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत याची पोढी आहे, तर बेडशाला महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका हिची (महारठी आणि महाभोज ही सरदारांची पदे). जुन्नरला धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे दिले आणि त्याच्याच जोडीला पोढीही. लेणे आणि पोढी अशी जोडी लेखांत वारंवार येते.

खर्च वाटून घेण्याचीही रीत होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी (ग्रीक किंवा पश्चिमेकडील परकीयांनी) आणि इतरांनी एकेक स्तंभ दिला. सोपाऱ्याच्या एका दात्याच्या स्तंभात धातू, म्हणजे अवशेष, ठेवल्याचा उल्लेख आहे. दाराचे काम धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराने केले. नाशिकच्या चैत्यगृहाची दर्शनी कमान धंभिक गावाने मिळून दिली. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. चढणीच्या डोंगरावर वाट हे दान म्हाताऱ्या यात्रेकरूला कोणत्याही शिल्पापेक्षा जास्त कामाचे असते, आणि या लोहाराचा लेख तेवढ्याच आदराने वाचला पाहिजे.

अक्षयनीवीचे सर्वांत नेमके उदाहरण नाशिकच्या लेणे क्र. १० मध्ये आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने, लेखातील कालगणनेच्या ४२व्या वर्षी, हे लेणे संघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) ठेव गोवर्धन नगरातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा १. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज द्यायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी (भिक्खूच्या वस्त्रासाठी) द्यायचे ठरले, म्हणजे हिशेब पै न् पै जुळतो. उरलेल्या हजाराच्या व्याजातून ‘कुशणमूल’ नावाचा भत्ता द्यायचा होता. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. साक्ष सार्वजनिक असल्याने श्रेणीला नंतर हात झटकता येत नसत. एकाच श्रेणीवर अवलंबून न राहणे हेही शहाणपणाचे होते. आभीर राजा ईश्वरसेनाच्या राज्याच्या ९व्या वर्षी शक उपासिका विष्णुदत्ता हिने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव केली, तीही वाटूनच: कुलरिकांच्या (बहुधा कुंभारांच्या) श्रेणीकडे १०००, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे २०००, शिवाय तेल्यांच्या श्रेणीकडेही. या पद्धतीतली उणीव एकच: रक्कम ठरावीक असल्याने कापड महागले की तेवढ्या पैशात चीवर होत नाही.

जमिनीचे दान त्याहून बेभरवशाचे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने राज्याच्या १८व्या वर्षी त्रिरश्मीच्या संघाला २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत दिले. सोबत सवलतीही दिल्या: राजपुरुषांनी आत शिरू नये, मिठासाठी खणू नये, अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. पुढे २४व्या वर्षीच्या लेखात, आधी दिलेले शेत कसले जात नाही आणि गाव ओस पडले आहे, म्हणून नगराच्या हद्दीवरची १०० निवर्तने राजशेती देण्याचा हुकूम आहे. त्याचा मुलगा पुळुमावी याच्या काळातही सुदर्शन गावाच्या बदल्यात शामलीपद गाव दिले गेले. कसणारा नसेल तर शेताचे दान शिलालेखापुरतेच उरते. या दोन हुकुमांतून ते उघड होते. ठेवीची पद्धत मात्र दीर्घकाळ टिकली. शके ७७५ मध्ये गौड देशाच्या (बंगालच्या) गोमिन अविघ्नाकराने कान्हेरीत ध्यानासाठी खोल्या बांधून १०० द्रम्म (नाणी) अक्षयनीवी म्हणून दिले.

आज ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. १९५८चा कायदा आणि त्यातील २०१०ची दुरुस्ती यांनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. म्हणून फरशी, मंडप किंवा पाण्याची टाकी स्वतःहून उभारता येत नाही. स्मारकासाठी पैसा द्यायचा असेल तर १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक निधीतून विशिष्ट कामाला देता येतो.

पूजेत आगीचा धोका सर्वांत मोठा. कार्ल्याच्या छतातील लाकडी फासळ्या आणि स्तूपावरचे लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे जुने आहे, भाज्यालाही जुने लाकूड आहे. तेथे मेणबत्ती किंवा अगरबत्ती लावूच नये. काजळी रंगाच्या उरल्यासुरल्या थरांवर बसते, मेण आणि तेल खडकात मुरते, मग ते काढताना पृष्ठभाग निघतो. फुले वाहायची तर ओंजळभर, आणि निर्माल्य परत न्यावे. पोढीत नाणी किंवा फुले टाकल्याने पाणी नासते. त्याऐवजी पायथ्याच्या विहारात भोजनदान, पिण्याच्या पाण्याची सोय, औषधपेटी अशी दाने द्यावीत. वर्षावास आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने चालतो. वर्षावासानंतरचे वस्त्रदान, म्हणजे कठिन चीवरदान, अश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच होते आणि एका विहाराला वर्षातून एकदाच. त्यामुळे ते देण्याआधी तेथील भन्तेंना विचारून दिवस आणि भिक्खूंची संख्या ठरवून घ्यावी.