रोमिंग प्रोफाइल बिघडलं? अर्ज कुणी करायचा, काय जोडायचं आणि तोवर काय करायचं नाही

‘तात्पुरत्या प्रोफाइलवर साइन इन झाले आहे’ अशा अर्थाचा संदेश आत्ता समोर दिसत असेल, तर आधी एवढंच करा: साइन आउट करू नका, मशीन रिस्टार्ट करू नका. सकाळपासून काही टाइप करून डेस्कटॉपवर ठेवलं असेल, तर ते विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये कॉपी करा. मग सावकाश पुढचं वाचा.

मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग बघतो. मुख्य कार्यालय इथं, शाखा गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूरकडं. माणसं शाखा बदलत राहतात, म्हणून आमच्याकडं रोमिंग प्रोफाइल आहे. प्रोफाइल म्हणजे तुमचा डेस्कटॉप, फायली आणि सेटिंग्ज. साइन इन केलं की सर्व्हरवरचं तुमचं प्रोफाइल त्या मशीनवर उतरतं आणि साइन आउट केलं की बदल परत सर्व्हरवर जातात. ही ये-जा कुठं अडली की तक्रार येते. खाली दिलेली पद्धत आमच्या संस्थेची आहे. तुमच्याकडं फॉर्मचं नाव आणि सहीचा माणूस वेगळा असेल, पण मागितली जाणारी माहिती साधारण हीच असते, कारण ती विंडोजच्या कामावरूनच ठरते.

कुणाला मिळतं

एकापेक्षा जास्त टेबलांवर किंवा शाखांत बसणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला रोमिंग प्रोफाइल मिळतं. त्याआधी डोमेनवर, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या सामाईक जाळ्यावर, स्वतःच्या नावाचं खातं लागतं. ‘काउंटर २’ असलं सामाईक खातं चालत नाही. एकच खाते दोन मशीनवर एकाच वेळी उघडं राहिलं, तर शेवटी जो साइन आउट करेल त्याच्या सेटिंग्ज टिकतात आणि आधीच्याच्या जातात. प्रशिक्षणार्थींना मॅन्डेटरी प्रोफाइल देतो. त्यात केलेला कुठलाच बदल साइन आउटनंतर राहत नाही, त्यामुळं ‘माझा वॉलपेपर गेला’ ही त्यांची तक्रार आम्ही घेत नाही. ज्याचं टेबल वर्षानुवर्षं एकच आहे त्यानं अर्ज करूच नये. लॉगिनला उगीच वेळ लागतो आणि फायदा काही नाही.

नवीन अर्जाला तीन कागद पुरतात: नेमणूक किंवा बदली आदेशाची प्रत, कर्मचारी क्रमांक आणि शाखाधिकाऱ्यांची शिफारस. कंत्राटी माणूस असेल तर कराराची शेवटची तारीख. आधारची झेरॉक्स कशाला जोडता, मला आजवर कळलेलं नाही. कुणी मागितलेली नाही.

दुरुस्तीचा अर्ज

खरा घोळ इथं होतो. ‘कॉम्प्युटर चालत नाही, तरी त्वरित दुरुस्ती व्हावी ही विनंती’ असा अर्ज शिक्क्यासह येतो आणि मला त्यातून काहीच कळत नाही. आम्हाला चार गोष्टी हव्यात: मशीनवरच्या स्टिकरचा नंबर, साइन इन केल्याची वेळ, स्क्रीनवरच्या संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि शेवटचं सगळं व्यवस्थित कुठल्या मशीनवर, कधी दिसलं होतं ते. वेळ मिनिटापर्यंत लिहा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज आपल्या घडामोडी क्रमांकासह टिपून ठेवतं तिथं, नोंदी वेळेनुसारच शोधाव्या लागतात. ‘सकाळी’ असं लिहिलं की मी सकाळभराच्या नोंदी चाळत बसतो.

फोटो का, ते सांगतो. संदेश दोन प्रकारचे असतात आणि वाचणाऱ्याला ते सारखेच वाटतात. पहिला म्हणतो, सर्व्हरवरचं प्रोफाइल मिळालं नाही, म्हणून मशीनवर साठवलेली प्रत उघडली आहे. हा साधा प्रकार. केबल सैल असते, स्विच बंद असतो किंवा शाखेची लाइन गेलेली असते. १५२१ क्रमांकाची नोंद बहुधा हेच सांगते. काम करत राहा. नेटवर्क आल्यावर त्याच मशीनवर साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. त्यानंतर नीट साइन आउट केलंत की फायली वर जातील, पहिल्या साइन आउटला जात नाहीत. मात्र त्याआधी दुसऱ्या मशीनवर जाऊन बसू नका, तिथं जुनंच दिसेल.

दुसरा संदेश तात्पुरत्या प्रोफाइलचा, नोंद १५११. मशीनवर टेंप नावाचं एक फोल्डर तयार होतं आणि तुम्ही त्यात बसलेले असता. साइन आउट केलं की ते फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसलं जातं. रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही.

मार्चअखेरीला गडहिंग्लजहून फोन आला होता. “अहो दादा, माझ्या डेस्कटॉपवरचं सगळं गेलंय की ओ!” मी विचारलं, मॅडम, किती वाजल्यापासून? म्हणाल्या, “सकाळी आल्यापासनं मोकळाच होता. म्हटलं, येईल. तेवढ्यात थकबाकीची यादी करून ठेवली आणि बंद करून परत चालू केला, तर आता यादीबी नाही.” त्यांच्या जुन्या फायली सर्व्हरवर जशाच्या तशा होत्या, त्या दहा मिनिटांत दिसू लागल्या. दुपारपर्यंत केलेली यादी मात्र गेली ती गेलीच. त्या दिवसापासून फॉर्मवर सगळ्यात वर एक चौकट आली: ‘संदेश दिसल्यानंतर मशीन रिस्टार्ट केले का? होय / नाही’. खरं लिहा. ‘होय’ लिहिलंत म्हणून कुणी रागावत नाही, शोध कुठून सुरू करायचा तेवढं कळतं.

अर्ज आल्यावर आम्ही काय बघतो

आधी तुम्हाला दुसऱ्या मशीनवर साइन इन करायला सांगतो. तिथं सगळं ठीक दिसलं तर दोष पहिल्या मशीनचा. मग डिस्क भरली आहे का ते बघायचं आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातल्या) प्रोफाइललिस्टमध्ये, म्हणजे प्रोफाइलांच्या यादीत, तुमच्या खात्याच्या नोंदीमागं ‘.बॅक’ शेपूट लागलंय का ते बघायचं. एकदा प्रोफाइल उघडता आलं नाही की विंडोज जुनी नोंद अशी बाजूला सारतं, आणि ती दुरुस्त होईपर्यंत अनेकदा रोज तात्पुरतंच प्रोफाइल देत राहतं. यूट्यूब बघून ती नोंद स्वतः उडवू नका. आमच्या एका भावानं उत्साहात शेजारच्याची नोंद उडवली होती.

दोन्ही मशीनवर तेच होत असेल तर दोष सर्व्हरकडं. फोल्डरचे हक्क बिघडले असतील तर १५२६ दिसते, प्रोफाइल अर्धवटच वर गेलं असेल तर १५०४. अर्धवट जाण्याचं आमच्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे भरलेला कोटा, म्हणजे सर्व्हरवर तुम्हाला ठरवून दिलेली जागा. दुसरं कारण फायलींची नावं. ‘सन २०२४-२५ मार्चअखेर थकबाकीदार यादी दुरुस्त नवीन फायनल खरी फायनल’ असं नाव, तेही फोल्डरात फोल्डर करून सहाव्या पायरीवर. पूर्ण पाथला, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या नावांसकट फायलीच्या पत्त्याला, जुनी मर्यादा २६० चिन्हांची आहे, आणि मराठीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘थकबाकी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, संगणक सहा मोजतो.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार वाढतो. लाइट जाऊन-येऊन असते, जुन्या मशीनमधला बटणासारखा सेल संपलेला असतो आणि चालू झाल्यावर घड्याळ भलतीच तारीख दाखवतं. सर्व्हरच्या आणि मशीनच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेनवर ओळख पटवणं अडतं. अर्ज लिहिण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख चुकली असेल तर तेवढं फोनवर सांगा, कागद नको.

अर्ज का परत येतो

काही तक्रारी प्रोफाइलच्या नसतातच. पत्र उघडलं आणि मराठीच्या जागी कुठलीतरी चिन्हं आली, तर त्या मशीनवर तो जुना फॉन्ट बसवलेला नाही. फॉन्ट प्रोफाइलबरोबर फिरत नाहीत. क्रोमचे बुकमार्कही फिरत नाहीत, कारण ते प्रोफाइलमधल्या ॲपडेटा फोल्डरातल्या ‘लोकल’ फोल्डरात असतात आणि ते फोल्डर मुळातच मशीनवर राहतं. टेबलाखालच्या यूएसबी प्रिंटरचंही तेच.

जुनी-नवी मशीनं हा आणखी एक गैरसमज. एका शाखेत अजून विंडोज ७ आहे. ते सर्व्हरवर ‘.व्ही२’ शेपटीचं फोल्डर वापरतं, तर विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून पुढं, विंडोज ११ धरून, ‘.व्ही६’. म्हणजे एकाच माणसाची दोन वेगळी प्रोफाइलं झाली. इथला डेस्कटॉप तिथं दिसत नाही तो बिघाड नव्हे. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. ते मशीन बदलण्याची मागणी संचालक मंडळाकडं वेगळ्या अर्जानं करावी लागते, आणि ती मी दरवर्षी करतो.

‘लॉगिनला फार वेळ लागतो’ यासाठी मात्र अर्ज घेतो, पण आधी तुमच्या डाउनलोड्स फोल्डरचा आकार विचारतो. वेगळं काही ठरवलेलं नसेल तर ते फोल्डरही प्रोफाइलबरोबर फिरतं. समजा ४ जीबी झालं: नवीन मशीनवर पहिल्यांदा बसलात तर १०० एमबीपीएसच्या जाळ्यावर सगळं सुरळीत असताना साडेपाच मिनिटं आणि शाखेच्या १० एमबीपीएस लाइनवर जवळजवळ तास. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ शाखेच्या लाइनवरून रोज न्यायचा नसतो.

संमतीची सही

दुरुस्ती साधेना तर प्रोफाइल नव्यानं करावं लागतं. त्यासाठी अर्जाच्या मागच्या बाजूला तुमची सही लागते, कारण सेटिंग्ज जातात. जुन्या फोल्डरचं नाव बदलून ते बाजूला ठेवतो, तुम्ही साइन इन केलं की नवं तयार होतं, मग फायली परत आणतो. सेटिंग्जची मूळ फाइल, एनटीयूजर.डॅट, मुद्दाम आणत नाही. बिघाड बहुतेकदा तिच्यातच असतो आणि ती आणली की दुखणंही परत येतं. मराठी कीबोर्ड आणि नेटवर्क प्रिंटर पुन्हा जोडावे लागतील, ते आमच्या विभागातला मुलगा येऊन करून देतो.

बाजूला ठेवलेलं जुनं फोल्डर आमच्याकडं ३० दिवस राहतं. तेवढ्यात सगळ्या फायली उघडून बघा, नुसती नावं बघू नका, आणि मगच पोचपावतीवर सही करा.