बिदागीपासून स्ट्रीमपर्यंत

स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं तर पैसे कसे मिळतात, हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं मूळ तबकडीच्या काळात आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. गायचं, बिदागी घ्यायची आणि उठायचं, ही मैफलीची रीत. रेकॉर्डिंगलाही बऱ्याच अंशी तीच लागू झाली. मैफल संपते, तबकडी मात्र वर्षानुवर्षं विकली जाते, हा फरक व्यवहारात उतरायला फार वेळ लागला. मोठ्या नावांना पुढे रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, मिळू लागली. बाकीचे एकरकमी मानधनावरच राहिले. १९६०च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, मोहम्मद रफींना ती मागणी पटली नाही, आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत.

चित्रपटसंगीतात तर १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेच निर्माता हा गाण्याचा मालक ठरू शकतो, असं सांगितलं. मोबदला घेऊन काम केलेल्या संगीतकार-गीतकाराकडे, करारात वेगळं काही नसेल तर, फारसं उरत नसे. हे बदलायला २०१२ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती यावी लागली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी किल्ला लढवला. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा कायमचा लिहून देता येत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या स्वतंत्र कलाकारासाठी कोणत्याही ॲपपेक्षा ही दुरुस्ती मोठी आहे, तिचा गाजावाजा कमी झाला एवढंच.

तिकडे अमेरिकेत प्रश्न वेगळा होता. कंपनीशी करार नसलेल्याची सीडी दुकानात ठेवायला कुणी तयार नव्हतं. डेरेक सिव्हर्स या संगीतकाराने १९९८ मध्ये स्वतःची सीडी विकायला वेबसाइट काढली. मित्र म्हणाले, आमचीही ठेव. त्यातून ‘सीडी बेबी’ उभी राहिली. नोंदणीला ३५ डॉलर, विकल्या गेलेल्या प्रत्येक सीडीमागे ४ डॉलर, बाकी सगळं कलाकाराचं. इतका सरळ हिशेब संगीताच्या धंद्यात क्वचितच दिसतो. १९९९ला गाण्यांच्या फाइल एकमेकांना देण्याचं नॅपस्टर आलं आणि गाणी फुकट वाहू लागली. २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्सने ९९ सेंटला एक गाणं विकून दाखवलं. पण त्या दुकानात एकट्यादुकट्या कलाकाराला थेट जागा नव्हती, मध्ये कुणीतरी लागायचंच. सीडी बेबीने तेही काम घेतलं आणि ९ टक्के ठेवून घेतले. तेच काम करणाऱ्या ट्यूनकोर या कंपनीने कमिशनऐवजी फी आकारली. आज ज्याला ‘डिस्ट्रिब्युटर’ म्हणतात तो धंदा इथून सुरू झाला.

२००८ मध्ये एकमेकांच्या अगदी उलट दोन गोष्टी सुरू झाल्या. बँडकॅम्पवर चाहता थेट कलाकाराकडून अल्बम विकत घेतो, हवे तर मागितल्यापेक्षा जास्त पैसे देतो, आणि डिजिटल विक्रीवर साइट साधारण १५ टक्के कापते. स्पॉटिफायवर गाणी ऑनलाइन नुसती ऐकायची, म्हणजे स्ट्रीम करायची, विक्रीच नाही. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका हंड्यात जमतात, त्यातले साधारण दोन तृतीयांश हक्कधारकांना जातात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढे त्याला मिळतात. त्यामुळे तुम्ही महिनाभर फक्त एकाच अनोळखी गायिकेला ऐकलं तरी तुमच्या वर्गणीचा बराच भाग दुसऱ्याच कुणाकडे जातो. साउंडक्लाउड या दुसऱ्या साइटने २०२१ पासून काही कलाकारांसाठी श्रोत्याचे पैसे श्रोत्याच्याच आवडीप्रमाणे वाटायला सुरुवात केली, पण मोठ्या कंपन्यांनी तो मार्ग सरसकट धरला नाही. उलट २०२४ पासून स्पॉटिफायने अट घातली की वर्षभरात किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळणार नाहीत. भारतात स्पॉटिफाय २०१९ मध्ये आलं तेव्हा आपल्याकडे सावन, गाना या ॲप्सनी फुकट ऐकायची सवय लावून ठेवली होतीच.

या सगळ्यात नवख्याकडून हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे एका गाण्यात दोन हक्क असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा शब्द आणि चालीचा. डिस्ट्रिब्युटर पहिल्याचे पैसे आणतो. दुसऱ्याचे पैसे भारतात आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही १९६९ सालची संस्था गोळा करते, आणि त्यासाठी गीतकार-संगीतकाराला तिचं सभासद व्हावं लागतं. गाणं स्वतःच लिहिलं, स्वतःच चाल लावली आणि स्वतःच गायलं, तरी दोन्हींपैकी एकीकडे नाव नोंदवलं नसेल तर त्या बाजूचे पैसे येतच नाहीत. जुनी रचना गाणाऱ्याने आणखी जपावं. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण श्रीनिवास खळ्यांनी त्याला लावलेली चाल अजून कॉपीराइटमध्ये आहे. ती गाऊन यूट्यूबवर टाकली आणि २००७ पासून तिथे असलेल्या ‘कंटेंट आयडी’ या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने ओळखली, तर जाहिरातीचे पैसे हक्कधारकाच्या खात्यात वळू शकतात. त्याच अभंगाला स्वतःची चाल लावली, तर चालीचा हक्कही आपलाच.